सातचा पाढा आणि दोन आलेख

जानेवारी ते मे २०२४ हे पाच महिने मी माझी श्रवणयंत्रे वाढलेल्या बहिरेपणानुसार पुन्हा जुळवून घेण्यात घालवले. त्यांतले चार महिने आधी जुन्या आणि मग एका चुकीच्या मोजणीपायी वाया गेले. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि माझ्यासारख्या दुसऱ्या कोणावर ही वेळ येऊ नये असे मनापासून वाटते, म्हणून हे लिहीत आहे.

मी ठाणे जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षे लघुलेखिका होते. ऐकलेला शब्द जसाच्या तसा कागदावर उतरवणे हेच माझे काम होते, त्यामुळे निवृत्तीनंतर कान कमी होऊ लागले तेव्हा मी ते कोणापासून लपवले नाही. २०२१ साली दोन्ही कानांना यंत्रे घेतली. कानामागे बसणारा लहान भाग आणि त्यातून निघालेल्या बारीक तारेच्या टोकाशी कानाच्या आत जाणारा रिसीव्हर, म्हणजे आवाज सोडणारा चिमुकला स्पीकर, अशा प्रकारची ती होती. पहिली दोन वर्षे ती उत्तम चालली. २०२३ च्या दिवाळीनंतर मात्र माझी तिसरीतली नात संध्याकाळी पाढे म्हणू लागली, तेव्हा सातचा पाढा मला ‘आत एके आत, आत दुणे औदा’ असा ऐकू येऊ लागला. नातीचा आवाज पोहोचत होता, शब्द पोहोचत नव्हते. याचे कारण मला पुढे कळले. स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, तर स, श, च यांसारख्या व्यंजनांचा जोर वरच्या पट्टीत, साधारण २००० हर्ट्‌झच्या वर आणि ‘स’चा तर ४००० च्याही वर असतो. हर्ट्‌झ म्हणजे सुराची पट्टी मोजण्याचे माप; आकडा जितका मोठा, तितका सूर बारीक. वयाबरोबर येणारा बहिरेपणा बहुधा वरच्या पट्टीतूनच वाढत जातो. त्यामुळे ‘आवाज येतो, पण बोललेले कळत नाही’ अशी तक्रार ज्यांच्या घरात सुरू झाली असेल, त्यांनी यंत्राचा आवाज मोठा करून दिवस काढू नयेत.

मी जिथून यंत्रे घेतली होती, त्याच केंद्रात जानेवारीत गेले. तिथल्या तरुणाने यंत्रे संगणकाला जोडली, पडद्यावर २०२१ च्या माझ्या श्रवणतपासणीचा आलेख उघडला, काही रेघा वर सरकवल्या आणि विचारले, “काकू, आता कसे वाटते?” शांत खोलीत, दोन हात अंतरावर समोर बसून, स्पष्ट बोलणाऱ्या माणसाचे कोणालाही ऐकू येईल. मला बरे वाटले, तसे मी सांगितले आणि घरी आले. घरी पाढा तसाच होता, फक्त अधिक मोठा झाला होता. पंधरा दिवसांनी पुन्हा गेले आणि पुन्हा तेच झाले. तिसऱ्या खेपेस मी स्पष्टच म्हटले की तीन वर्षांपूर्वीच्या आलेखावर आजच्या कानाची जुळवणी कशी होणार, आधी माझी तपासणी नव्याने करा. तेव्हा त्यांनी तिथेच, विनामूल्य, तपासणी करून देण्याचे कबूल केले. ती विनामूल्य तपासणीच मला सर्वांत महाग पडली.

तपासणीची ती खोली म्हणजे भर रहदारीच्या रस्त्यावरील पहिल्या मजल्यावर प्लायवूडने वेगळा केलेला एक कोपरा होता. दाराखाली बोटभर फट होती आणि भिंतीपलीकडे वातानुकूलन यंत्र घरघरत होते. या चाचणीत कानाला हेडफोन लावून वेगवेगळ्या पट्टीतले सूर हळूहळू लहान करत ऐकवतात आणि ऐकू आला की हातातले बटण दाबायचे असते. ज्या सर्वांत लहान आवाजाला तुम्ही जेमतेम ओळखता, तो आकडा डेसिबलमध्ये आलेखावर मांडतात; आकडा जितका मोठा, तितका कान अधू. जाड सुरांची पाळी आली तेव्हा सूर कोणता आणि बाहेरून जाणाऱ्या बसची थरथर कोणती, हे मला सांगता येईना. मी बटणावरचा अंगठा उचलून म्हटले, “बाहेरचा आवाज येतो आहे.” त्यावर उत्तर मिळाले, “काकू, हेडफोन लावल्यावर बाहेरचे काही येत नाही.” मी गप्प बसले, याचे मला आजही वाईट वाटते. एकतीस वर्षे न्यायालयात साक्षीदाराचे म्हणणे तो म्हणाला तसे नोंदवून घेणारी मी, माझेच म्हणणे मात्र नोंदवून घ्यायला लावू शकले नाही.

रस्त्याचा आणि यंत्रांचा गोंगाट मुख्यतः खालच्या पट्टीतला असतो, आणि साधा हेडफोन नेमका तोच आवाज फारसा अडवू शकत नाही. त्यामुळे खालच्या पट्टीत माझे कान होते त्यापेक्षा कितीतरी अधू दिसले. संगणकाने त्या आलेखावर विसंबून यंत्राला खालचे आवाज भरपूर वाढवायला सांगितले. घरी परतताना रिक्षाच्या इंजिनाचा आवाज छातीत घुसल्यासारखा झाला, पंखा गिरणीसारखा वाटू लागला आणि माझाच आवाज मला रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा ऐकू येऊ लागला. त्याहून वाईट म्हणजे खालचे मोठे आवाज वरचे बारीक आवाज झाकून टाकतात, त्यामुळे थोडाफार येणारा ‘स’सुद्धा गेला. मी तक्रार घेऊन गेले, तेव्हा मला सांगण्यात आले की तुमचा बहिरेपणा फार वाढला आहे, या यंत्रांची ताकद संपली आहे, आता नवी जोडी घ्यावी लागेल. किंमत सांगितली १ लाख ४० हजार रुपये. मी आलेखाची प्रत मागितली, तर “ते सगळे सिस्टिममध्ये आहे” एवढेच उत्तर आले. दुसऱ्या दिवशी मी दोन ओळींचा लेखी अर्ज नेऊन दिला आणि त्यावर पोच मागितली, तेव्हा अर्ध्या तासात प्रत मिळाली. आपल्या तपासणीचा कागद आपलाच असतो. तो घेतल्याशिवाय कोणीही खुर्चीवरून उठू नये.

मार्च महिना मी जवळपास यंत्रांविना काढला. सूनबाई मला जेवायला हाक मारायची सोडून खांद्याला हात लावू लागली. खांद्यावरच्या त्या हाताने मी जागी झाले. एप्रिलमध्ये कान, नाक, घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डाव्या कानातला मळ काढला आणि रुग्णालयातल्या ध्वनिरोधक खोलीत तपासणी लिहून दिली. खरे तर हीच पहिली पायरी असते, आणि ती मला जानेवारीत कोणीही सांगितली नव्हती. मळाने कान बंद असताना केलेली मोजणी आणि तशा कानातली जुळवणी या दोन्हींवर विसंबता येत नाही.

त्या खोलीचे जाड दार बंद झाले, तेव्हा मला माझा श्वास जाणवू लागला. तिथे सूर हवेतून ऐकवले, तसेच कानामागच्या हाडावर एक लहान कंपक बसवून हाडातूनही ऐकवले. दोन्ही आकड्यांत फरक निघाला तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात असण्याची शक्यता असते आणि त्यावर पुष्कळदा डॉक्टरी उपचार होऊ शकतो. माझे दोन्ही आकडे जुळले, म्हणजे दोष आतल्या कानाचा आहे. शिवाय शब्दांची यादी ऐकवून किती शब्द बरोबर उच्चारता येतात तेही पाहिले. २०२१ मध्ये उजव्या कानाचे प्रमाण ८८ टक्के होते, ते ७२ टक्क्यांवर आले होते. केंद्रातल्या तपासणीत हाडाची चाचणीही नव्हती आणि शब्दांचीही नव्हती.

घरी येऊन मी दोन्ही आलेख जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. उजव्या कानाच्या खुणा लाल गोलाच्या असतात आणि डाव्याच्या निळ्या फुलीच्या, त्यामुळे ते वाचणे अवघड नाही. उजव्या कानाला ४००० हर्ट्‌झवर दोन्ही आलेखांत ७५ डेसिबल होते आणि २००० वर दोन्हींत ६०. पण १००० वर रुग्णालयात ५० तर केंद्रात ६०, ५०० वर ४० विरुद्ध ६० आणि २५० वर ३० विरुद्ध ५०. ५००, १००० आणि २००० वरच्या, म्हणजे मधल्या तीन आकड्यांची सरासरी रुग्णालयाच्या कागदावर ५० येत होती आणि केंद्राच्या कागदावर ६०. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांना बोलण्याच्या पट्टीत ६० ते ७० डेसिबलचा दोष असलेली व्यक्ती दिव्यांग गणली जाते. जी रेघ कायद्याने इतक्या विचारपूर्वक आखली आहे, तिच्यापर्यंत माझा उजवा कान एका दाराखालच्या फटीने नेऊन ठेवला होता.

मला वाटले की आता काम सरळ आहे. रुग्णालयाचा आलेख घेऊन केंद्रात गेले, तर “बाहेरचा रिपोर्ट आम्ही घेत नाही” असे सांगून त्यांनी तो हातातही धरला नाही. मी दोन्ही कागद टेबलावर मांडून फरक दाखवला, खोलीविषयी बोलले, व्यवस्थापकांना भेटण्याची वेळ मागितली. पाऊण तास बसवून ठेवल्यावर निरोप आला की आमच्या तपासणीवरच आम्ही जुळवणी करतो. त्या दिवशी मी शांतपणे माझी यंत्रे उचलली आणि बाहेर पडले. ती अमुक एकाच दुकानाच्या संगणकाला बांधलेली नाहीत, हे माझ्या भाच्याने कंपनीकडून विचारून घेतले होते. काही यंत्रे विकतानाच अशी बंद करून दिलेली असतात की दुसरा कोणी ती उघडू शकत नाही, म्हणून हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारायला हवा.

मे महिन्यात चरईतल्या एका श्रवणतज्ज्ञ बाईंकडे गेले. श्रवणतज्ज्ञांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेचा त्यांचा नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलेला होता. तो पाहण्याची सवय सर्वांनी लावून घ्यावी. यंत्रे जोडताच त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. यंत्र रोज किती तास वापरले जाते याची नोंद ते स्वतःच ठेवते, आणि तिथे सरासरी ३ तास असा आकडा होता. त्या मला काहीही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, “मावशी, ही चूक तुमची नव्हे.” मला रडू आले.

त्यांनी यंत्रे बदलली नाहीत. तारेच्या टोकाचे दोन रिसीव्हर काढून अधिक ताकदीचे बसवले, ज्याचे मिळून १३ हजार रुपये झाले, आणि रुग्णालयाचा आलेख भरून नव्याने जुळवणी केली. त्यानंतर दोऱ्याएवढी बारीक मऊ नळी यंत्रासोबत माझ्या कानात सरकवली, समोरच्या स्पीकरवर बोलणे लावले आणि कानाच्या पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो ते मोजले. संगणक जे देतो असे म्हणतो आणि कानात जे पोहोचते, त्यांत अंतर असते, कारण प्रत्येकाच्या कानाची नळी वेगळी असते. माझ्या उजव्या कानात ४००० हर्ट्‌झवर हवे त्यापेक्षा तब्बल १५ डेसिबल कमी पोहोचत होते. हीच मोजणी जानेवारीत झाली असती, तर पहिल्याच दिवशी सारे उघड झाले असते. जुळवणीसाठी केंद्र निवडताना ‘कानात नळी घालून मोजता का’ एवढे फोनवर विचारावे. त्यांनी सगळी वाढ एकदम दिली नाही. कानाला आणि मेंदूला सवय व्हावी म्हणून थोडी राखून ठेवली आणि तीन आठवड्यांनी बोलावले.

काही गोष्टी लिहिताना आठवत आहेत. तपासणीच्या आदल्या दिवशी लग्नाचा बँड, ढोल-ताशा असा मोठा आवाज टाळावा. जुने सगळे आलेख तारखेनुसार सोबत न्यावेत. कुठे, कोणाचे आणि काय ऐकू आले नाही, हे आठवडाभर लिहून ठेवावे. ‘नीट ऐकू येत नाही’ या वाक्यावर कोणालाही जुळवणी करता येत नाही. ज्यांना खर्च झेपत नसेल, त्यांच्यासाठी वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून चालणारी अली यावर जंग राष्ट्रीय वाचा व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. माझ्या नणंदेची तपासणी तिथेच झाली. आणि एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची: एखाद्या कानाचे ऐकू येणे एक-दोन दिवसांत अचानक गेले, तर यंत्राच्या दुकानात जाऊ नये, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, कारण त्यावर उपचाराची संधी थोडेच दिवस असते.

तीन आठवड्यांनंतरच्या भेटीत मी नातीला बरोबर नेले. बाईंनी तिला माझ्या पाठीमागे, चार पावलांवर उभे केले, म्हणजे मला तिचे ओठ दिसणार नाहीत. पाढा मला पाठ असल्यामुळे मी अंदाजाने सांगेन, हे त्यांच्या लक्षात आले होते, म्हणून त्यांनी नातीच्या कानात काहीतरी सांगितले आणि माझ्या हातात कागद दिला. नात सलग म्हणत गेली आणि मी लघुलिपीत उतरवत गेले. सात चोक अठ्ठावीस, सात पाचे पस्तीस, सात सक बेचाळीस, सात साते एकोणसाठ. माझे पेन थांबले. मी मागे वळून म्हटले, “एकोणसाठ नाही गं, एकोणपन्नास.”