फरशीवरच्या लाल पट्ट्या

गौरी मूळ नक्षत्रावर गेल्या की दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझा फोन थांबत नाही. पुण्यात मी घरं साफ करून देण्याचा व्यवसाय करते आणि मखर उतरवून घर पूर्ववत करणं हे आमचं वर्षातलं सर्वांत मोठं काम. विसर्जनाच्या रात्रीच या, असा आग्रह हल्ली काही जण धरतात. आम्ही जात नाही. माणूस घराबाहेर पडल्या पडल्या केर काढत नाहीत, दिवेलागणीनंतर तर नाहीच. बाप्पा आणि गौरींना वेगळा नियम कसा लावायचा? रिकाम्या पाटावर नदीकाठची वाळू असते, पुढे दिवा असतो. तो रात्रभर तसाच राहू द्यावा.

सकाळी आधी निर्माल्य वेगळं भरायचं. मग गुलाल आणि रांगोळी, तीही कोरडीच, व्हॅक्यूमने. गुलालावर पहिलं ओलं फडकं पडलं की पुढचा अर्धा दिवस गेलाच. समईच्या तेलावर मैदा भुरभुरून ठेवायचा, तो तेल ओढून घेतो. एवढं सांभाळलं तर बाकीची सफाई कुणालाही जमेल.

खरी झटापट असते ती डेकोरेटरच्या डबल टेपशी. 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, ते योग्यच झालं. मात्र त्यानंतर प्लाय, सनबोर्ड आणि एमडीएफची जड मखरं घरात आली आणि ती उभी राहावीत म्हणून भिंतीला, फरशीला वाट्टेल तिथे टेप लागू लागली. लावणारे आदल्या रात्री येऊन लावून जातात, काढायला मात्र कुणी उगवत नाही. ती टेप ओढून काढायची नसते, ओढली की रंगासकट पुट्टी हातात येते. हेअर ड्रायरने ऊब द्यायची, एका कोपऱ्यातून तंगूस, म्हणजे मासे पकडायचा नायलॉनचा दोरा, आत सरकवायचा आणि दोन्ही हातांनी करवतीसारखा मागे-पुढे करत पुढे न्यायचा. आमच्यातल्या मोठ्या मावशी हे काम इतकं सफाईने करतात की भिंतीवर टेप होती हे नंतर सांगूनही पटत नाही. मला त्यांचा फार अभिमान आहे.

तर त्या दिवशी बाणेरच्या एका मोठ्या संकुलात गेलो होतो. दिवाणखान्यात पांढरा इटालियन मार्बल आणि मखरासमोर कुंकवाचा लाल डाग. घरच्या मॅडम दारातच सांगू लागल्या. गौरीजेवणाच्या संध्याकाळी हळदीकुंकवाच्या गर्दीत करंडा सांडला, त्यावर कुणाच्या तरी हातून पाणी सांडलं. कामवाल्या बाईंनी ओल्या फडक्याने पुसलं आणि "लाखांची फरशी घालवली". बाईंना दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही म्हणून सांगितलं होतं, महिन्याचा पगार अडवला होता. आता मी बिलावर लिहून द्यावं, की चुकीच्या पुसण्याने फरशी खराब झाली आहे.

मी गुडघ्यावर बसून डाग पाहिला. सांडलेलं पाणी गोलसर, वेडंवाकडं पसरतं. इथे लाल रंग होता दोन सरळ पट्ट्यांत, बोटभर रुंदीच्या, थेट मखराच्या चौथऱ्याकडे जाणाऱ्या. दोन्हींच्या मधली फरशी स्वच्छ होती. नख फिरवलं तर पट्टीवर खरखर लागत होती, बाजूला नख घसरत होतं. उजेडाकडे तोंड करून डोकं जमिनीलगत नेलं, तेव्हा पट्टीवरची चकाकी गेलेली स्पष्ट दिसली.

डाग वेगळा आणि खाल्लेली फरशी वेगळी, हे लोकांच्या लक्षात येत नाही. डागात रंग आत मुरतो, तो बऱ्याचदा बाहेर काढता येतो. मार्बल म्हणजे चुन्याचाच दगड. लिंबू, व्हिनेगर, संडास साफ करायचं आम्ल, काहीही पडलं की वरचा थर विरघळतो. त्याला मग पॉलिशवालाच लागतो, मशीनवर जाडपासून बारीकपर्यंत डायमंडचे पॅड बदलत, 400 पासून 3000 पर्यंत. पाण्याने आणि फडक्याने मार्बल कधीही असा खाल्ला जात नाही.

मग आम्ही मखर उतरवलं. पडदे, माळा, मागचा सनबोर्ड आणि शेवटी गालिचासकट प्लायचा चौथरा. तो उचलताच मावशींनी मला हाक मारली. दोन्ही पट्ट्या चौथऱ्याखालून तशाच पुढे गेल्या होत्या आणि भिंतीपाशी तिसऱ्या पट्टीला काटकोनात मिळत होत्या. तिथे कुंकू पोचलं नव्हतं, त्यामुळे त्या नुसत्या मंद, पांढुरक्या होत्या. कडेला जुन्या गमाची तपकिरी रेघ अजून शिल्लक होती. गेल्या वर्षीचं मखर यंदाच्यापेक्षा मोठं असणार. त्याच्या गालिच्याच्या कडा फरशीला टेपने चिकटवलेल्या होत्या आणि तो गम कुणीतरी आम्ल ओतून घासून काढला होता. पॉलिश तेव्हाच गेलं. यंदा कुंकवाचं पाणी सगळीकडे सांडलं, पण मुरलं ते फक्त उघड्या पडलेल्या दगडात. बाकी ठिकाणचं त्या बाईंनी व्यवस्थित पुसून काढलं होतं.

मी सगळे फोटो काढले आणि मॅडमना जागेवर बसवून दाखवलं. त्या काही बोलेनात. आतल्या खोलीतून आजी आल्या, पट्ट्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, मागच्या वर्षी तो गम निघत नव्हता, तेव्हा मोबाईलवर बघून बाटली ओतली होती ना तुम्ही दोघांनी? वास आला होता घरभर." मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला सफाईसाठी बोलावलंय, चौकशीसाठी नाही." मी म्हटलं, "मॅडम, बिलावर लिहायला तुम्हीच सांगितलंत. मी जे दिसलं ते लिहीन."

लिहिलं. पट्ट्या जुन्या, आम्लाने झालेल्या, चौथऱ्याखालीही आहेत.

लाल रंग काढायचं काम राहिलंच होतं. डागावरून ओला कापूस फिरवला आणि तो कापूस बशीत ठेवून त्यावर लिंबू पिळलं. हळदीचं खरं कुंकू असेल तर लिंबाने ते पिवळं पडतं. हे लालच राहिलं, म्हणजे बाजारचा रंग. मैदा आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा घट्ट लेप पट्ट्यांवर थापला, वर प्लॅस्टिक लावून कडा कागदी टेपने बंद केल्या. दुसऱ्या दिवशी लेप गुलाबी होऊन निघाला आणि फरशी पांढरी झाली. चकाकी येणार नव्हतीच, तेही मी लिहून ठेवलं होतं.

निघताना खाली वॉचमनकाकांकडे माझा नंबर त्या बाईंसाठी ठेवला. त्यांचा फोन आला. बिलाचा आणि चौथऱ्याखालचा फोटो मी त्यांना पाठवला. तो घेऊन त्या आजींना भेटल्या आणि आजींनी पूर्ण पगार देववला. परत कामावर बोलावलं, त्या गेल्या नाहीत.

पण तोवर संकुलातल्या बायकांच्या ग्रुपवर मेसेज फिरला होता: हिला कामाला घेऊ नका, मार्बल खराब करते. त्याच इमारतीतली त्यांची आणखी दोन कामं गेली. आता त्या सूसला जातात, बस बदलून. पगार कमी आणि मुलीच्या शाळेच्या वेळेला घरी पोचता येत नाही.

मी मॅडमना फोन करून म्हटलं, "जिथे लिहिलंत तिथेच दुरुस्ती लिहा, फोटो मी देते." त्या म्हणाल्या, "बघते." दिवाळीच्या सफाईसाठी त्यांनी मला पुन्हा बोलावलं, तेव्हा मी तो मेसेज आधी मागितला. अजून तरी आलेला नाही.