आधी व्हिडिओ, मग फोटो

मे महिन्यात एका लग्नाचा अल्बम आणि पेनड्राइव्ह द्यायला कोल्हापुरात कसबा बावड्याला गेलो होतो. नवरीच्या आईनं टीव्हीवर व्हिडिओ लावला, अल्बम मांडीवर घेतला आणि दुसऱ्याच पानावर थांबल्या. "दादा, पोरीचा शालू अल्बमात डाळिंबी आणि टीव्हीवर राणी कलर, असं कसं वो?"

महाद्वार रोडवर चार दुकानं फिरून त्यांनी तो शालू निवडला होता. मला फार लागलं ते.

चूक माझ्या कामाच्या क्रमात होती. स्टेजवर गुलाबी एलईडी, समोरून पिवळे हॅलोजन. माझ्या कॅमेऱ्यात फोटो 14 बिट रॉ (सेन्सरचा कच्चा डेटा), म्हणजे प्रत्येक पिक्सेलला उजेडाच्या 16,384 पायऱ्या; व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून लावलेला रंगाचा मेळ, घरी बसून हवा तसा फिरवता येतो. व्हिडिओ मात्र 8 बिट, 256 पायऱ्या, आणि शूट करतानाचा व्हाइट बॅलन्स त्यात मुरलेला. मी लाइटरूम या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो मनासारखे केले आणि मग दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ त्या रंगावर ओढायला बसलो. शालू जागेवर आला की चेहरे तांबडे व्हायचे, मागच्या पडद्यावर पट्टे उठायचे. जेवढं जमलं तेवढ्यावर दिलं.

काकींकडून, म्हणजे नवरीच्या आईकडून, शालू मागून घेतला. सोप्यात, उन्हाच्या कडेला धरून ग्रे कार्डसोबत (रंग ताडून बघायचं करडं कार्ड) त्याचा फोटो काढला आणि घरी येऊन सगळं नव्यानं केलं, या वेळी उलट्या क्रमानं.

आता प्रत्येक लग्नात तसंच करतो. सकाळी खिडकीपाशी शालू आणि ग्रे कार्ड, एक फोटो, दहा सेकंद व्हिडिओ. स्टेजवर लाइट लागले की परत ग्रे कार्ड, आणि व्हिडिओचा व्हाइट बॅलन्स केल्व्हिनमध्ये (उजेडाच्या रंगाचं माप) एका आकड्यावर बांधून टाकायचा. ऑटोवर ठेवला तर मंगलाष्टकं सुरू असताना रंग सरकतो. सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50 सेकंद, कारण आपली वीज 50 हर्ट्झची आणि हॉलचे लाइट नाहीतर लुकलुकतात. मेमरी कार्डाच्या दोन कॉप्या झाल्याशिवाय फॉरमॅट नाही, हे सांगायला नकोच.

एडिटिंगला आधी रिझॉल्व्ह. हळद, अक्षता, वरात असा एकेक प्रसंग ग्रेड करायचा, म्हणजे त्याचे रंग बसवायचे, चेहरे व्हेक्टरस्कोपवर (रंग दाखवणारा आलेख) स्किन टोनच्या रेषेजवळ आणायचे. मग प्रत्येक प्रसंगाची एक स्टिल एक्सपोर्ट करून लाइटरूममध्ये घ्यायची. तिथल्या डेव्हलप भागात रेफरन्स व्ह्यू उघडला की डावीकडे ती स्टिल, उजवीकडे फोटो. एक फोटो नीट जुळवला की त्याच लाइटमधल्या बाकीच्यांना तीच सेटिंग सिंक. रॉ वाकतो, व्हिडिओ वाकत नाही. म्हणून वाकणाऱ्यानं मागून यावं. यात माझा एक दिवस जास्त जातो आणि तो मी देतो.

बावड्याच्या अल्बमची बदललेली पानं परत छापून नेली, तेव्हा काकींनी कपाटातला शालू काढून पानावर पसरला. काठ फोटोतल्या काठाला लावून बघितला, मग टीव्ही लावायला सांगितला.