कोरियाचा छापा कसा तपासायचा

सांगलीत तिकिटांच्या प्रदर्शनात ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ असा काळा छापा मारलेलं तिकीट दिसलं, तर आधी दहापट भिंग काढा. कोरियन युद्धातल्या 1953 च्या शस्त्रसंधीनंतर युद्धकैद्यांवर पहारा देणाऱ्या आपल्या फौजेसाठी हे छापे नेहमीच्याच पुरातत्त्व मालिकेवर, म्हणजे प्राचीन वास्तू-शिल्पांच्या चित्रांच्या तिकिटांवर मारले. फौजेचे प्रमुख मेजर जनरल थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे!

भामटे साधं वापरलेलं तिकीट घेऊन त्यावर छापा मारतात. मग छाप्याची शाई टपालशिक्क्याच्या वर बसते. खऱ्यात शिक्का छाप्यावरून जातो. दोन्ही रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथेच नजर ठेवा. अख्खं पाकीट मिळालं तर तिकीट भिजवून सोडवू नका. फील्ड पोस्टाचा, म्हणजे लष्करी टपालाचा शिक्का आणि पत्ता, पुरावा तोच. कोरी तिकिटं पावसाळ्यात दाबून ठेवू नका, डिंक चिकटतो.