उत्तन-चौक : रिक्षा करू नका, बाकी मग बोलू

भाईंदरजवळच्या किनाऱ्यावरची उत्तन आणि चौक ही गावं, रीलमध्ये म्हणे 'ठाण्यापासून तासाभरात गोवा'. कुठला तास! सातला निघालो, गायमुखच्या चढावरच पाऊण तास गेला, भाईंदर पश्चिमेला पोचलो तेव्हा साडेनऊ.

स्टेशनबाहेर रिक्षावाला म्हणाला चौकपर्यंत 400, येताना रिकामं यावं लागतं म्हणून. डोकं तापलेलं, दिले. आणि जी चौकची बस मी स्टेशनवर गर्दी बघून सोडली ती मुर्धा-राईला आमच्या पुढेच अडकलेली, आम्ही तिच्या मागे धूर खात, आणि पोचली पण तीच आधी. मुर्धा, राई, मोर्वा हा पूर्ण पट्टा वाईट आहे, गावातला रस्ता, घरं रस्त्याला चिकटून, समोरासमोर दोन बस आल्या की संपलं. रविवारी वेलंकनीच्या चर्चची गर्दी वेगळी, त्यामुळे रविवार तर नकोच. येताना बसने आलो, सुट्ट्या पैशांत काम झालं, हे लिहितानाही त्या 400 चा राग येतोय.

धारावी किल्ला (मुंबईतली धारावी नाही, इथलीच) बघायला तटबंदी वगैरे डोक्यात घेऊन गेलात तर फसाल. बुरूज आणि थोडे अवशेष, बास. पण बुरुजाशी उभं राहिलं की समोर वसईच्या खाडीचं तोंड दिसतं आणि 1739 ला चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून ही जागा का घेतली ते कळतं, समुद्रातून वसईला जाणारी रसद इथूनच अडवता येते. त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. तिथे सावली नाही, पाणी घरून न्या.

बीच ठीक आहे.

खरा धक्का वेगळाच. उत्तन नाक्याच्या पुढे वारा फिरला आणि असला वास आला की रुमाल काढला. धावगीच्या डोंगरावर अख्ख्या मीरा-भाईंदरचा कचरा येतो, उन्हाळ्यात तो पेटतो पण. मासळीवाल्या आजींना विचारलं तर म्हणाल्या, "पंचायत होती तवा सरपंचाच्या दारात जाऊन भांडायचो, आता भाईंदरला जाऊन लाईन लावायची." 1985 ला पाच ग्रामपंचायती मिळून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली तेव्हा उत्तन त्यात नव्हतं, 1990 ला राई-मुर्धा, डोंगरी, वरसावेबरोबर ओढलं गेलं, 2002 ला महापालिका. माझ्या मते गावाला यातून बस मिळाली आणि डोंगरभर कचरा. एप्रिल-मेमध्ये जाऊच नका. जून-जुलैत मशीनच्या बोटींना बंदी असते, ताज्या मासळीसाठी तेव्हा जाण्यात अर्थ नाही.

आजींकडून सुके बोंबील घेतले, घासाघीस न करता, रिक्षावाल्यापेक्षा शंभर पट सरळ बाई. डबा न्या मात्र, घट्ट झाकणाचा, मी कागदात बांधून आणले आणि भाईंदर ते ठाणे माझ्या शेजारची सीट रिकामीच राहिली.