प्रश्न बर्गरचा नव्हताच

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल स्टेडियममध्ये १,०७,६०१ माणसं बसतात, म्हणजे वानखेडेच्या तिप्पट. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथे हंगामाचा पहिला सामना झाला, तेव्हा प्रशिक्षक जिम हारबॉ मैदानावर नव्हते. रिक्रूटिंगचे, म्हणजे शाळकरी खेळाडूंना विद्यापीठाच्या संघात आणण्याचे, नियम मोडल्याच्या चौकशीमुळे विद्यापीठानेच त्यांना पहिले तीन सामने बाहेर ठेवलं होतं. संघाचा क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू) जे. जे. मॅकार्थी ‘फ्री हारबॉ’ लिहिलेला शर्ट घालून आला. चाहत्यांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती: शाळकरी खेळाडूला एक बर्गर खाऊ घातला, तेवढ्यासाठी एवढी शिक्षा! हा समज इतका पसरला, की प्रकरण चीजबर्गरचं नाही, हे एनसीएएच्या (अमेरिकी विद्यापीठांच्या खेळांचं नियमन करणाऱ्या संस्थेच्या) अधिकाऱ्याला जाहीरपणे सांगावं लागलं.

आणि ते खरंच होतं. एनसीएएच्या रिक्रूटिंग कॅलेंडरमध्ये काही दिवस ‘डेड पिरियड’ असतो. त्यात फोन करता येतो, मेसेज पाठवता येतो, पण खेळाडूला किंवा त्याच्या आईवडिलांना समोरासमोर भेटता येत नाही. ना कॅम्पसवर, ना बाहेर. एरवी हा काळ थोड्या दिवसांचा असतो. कोविडमध्ये तो १३ मार्च २०२० ला सुरू झाला आणि थेट ३१ मे २०२१ पर्यंत चालला. ज्यांनी नियम पाळला त्या प्रशिक्षकांनी सव्वा वर्ष पडद्यावरूनच मुलांशी बोलणी केली. अशा वेळी एखाद्याने समोर बसून अर्धा तास गप्पा मारल्या, तर तो बाकी सगळ्यांच्या पुढे निघून जातो. बर्गर किती डॉलरचा होता याने काही फरक पडत नाही.

तरीही हारबॉ यांच्या प्रकरणातल्या या काळातल्या भेटी दुसऱ्या स्तराच्या, म्हणजे मधल्या गांभीर्याच्या उल्लंघनात मोडत होत्या. प्रकरण पहिल्या, म्हणजे सर्वांत गंभीर स्तरावर नेलं ते चौकशीतल्या असहकाराने. ऑगस्ट २०२४ च्या निकालात एनसीएएच्या समितीने हारबॉ यांच्यावर चार वर्षांचा ‘शो-कॉज’ लावला. या काळात त्यांना नेमू पाहणाऱ्या कोणत्याही विद्यापीठाला त्यांच्यावर लादलेले निर्बंध पाळावे लागतील. तोवर ते मिशिगनला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देऊन एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, गेले होते.

हेच टेनेसी विद्यापीठात आधी घडून गेलं होतं. बास्केटबॉल प्रशिक्षक ब्रूस पर्ल यांनी २००८ मध्ये घरच्या बार्बेक्यूला एका शाळकरी खेळाडूला बोलावलं. तेव्हाच सांगून टाकलं असतं तर किरकोळ नोंद होऊन विषय संपला असता. पण २०१० मध्ये चौकशी अधिकाऱ्यांनी त्यांच्याच घरातला फोटो समोर ठेवला आणि हे कुठलं घर ते माहीत नाही, असं पर्ल म्हणाले. मार्च २०११ मध्ये नोकरी गेली, पाठोपाठ तीन वर्षांचा शो-कॉज आला. तो संपायच्या आधीच, २०१४ मध्ये, ऑबर्न विद्यापीठाने त्यांना घेतलं. विमानतळावर स्वागताला गर्दी लोटली. २०१९ मध्ये ऑबर्न पहिल्यांदाच फायनल फोरमध्ये, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत, गेलं. चाहता जिंकणाऱ्या प्रशिक्षकाला माफ करतो, हे समजू शकतं. पण ‘एका जेवणासाठी माणसाला संपवलं’ ही मांडणी चुकीची आहे. पर्लना ते जेवण भोवलं नाही, फोटोबद्दलचं उत्तर भोवलं.

शिक्षा कोणी भोगायची, या बाबतीत मात्र चाहत्यांचा राग मला रास्त वाटतो. १९८७ मध्ये सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा फुटबॉलचा अख्खा हंगाम रद्द झाला, कारण आधीची शिक्षा चालू असतानाही खेळाडूंना पैसे देणं थांबलं नव्हतं. पुढच्या वर्षी विद्यापीठाने स्वतःहूनच संघ उतरवला नाही. नंतर बाउल सामना (हंगामाअखेरचा मानाचा सामना) खेळायला २००९ उजाडलं. म्हणजे ज्यांनी एक पैसाही घेतला नव्हता, अशा मुलांच्या किती तुकड्यांनी ते निस्तरलं! २०२३ मध्ये टेनेसीच्या फुटबॉल प्रकरणात पहिल्या स्तराची १८ उल्लंघनं निघाली, तरी बाउलबंदी घातली नाही. ८० लाख डॉलरहून जास्त दंड केला आणि २८ शिष्यवृत्त्या कापल्या. पैसे देऊन सुटले, अशी ओरड इतर संघांच्या चाहत्यांनी केली. माझ्या मते हाच मार्ग योग्य आहे, कारण नियम मोडणारे तोवर निघून गेलेले होते.

आता चाहत्यांनी स्वतःकडेही पाहावं. २००९ मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेटच्या एका विद्यार्थ्याने ‘जॉन वॉलला (शाळकरी बास्केटबॉलपटू) आणा’ अशा अर्थाचा फेसबुक ग्रुप काढला आणि विद्यापीठानेच त्याला थांबण्याचं पत्र धाडलं. अनेकांना ते हास्यास्पद वाटलं. पण नियम असा आहे, की क्रीडा विभागाला देणगी दिली, रिक्रूटिंगला हातभार लावला किंवा खेळाडूला काही मिळवून दिलं, की तुम्ही ‘बूस्टर’ ठरता, आणि तो शिक्का कायमचा असतो. अमेरिकेत शिकलेल्या आपल्या मराठी मंडळींपैकी जे दरवर्षी आपल्या विद्यापीठाच्या अ‍ॅथलेटिक फंडाला चेक पाठवतात, तेही यात आले. शेजारचा मुलगा नववीत गेला, की नियमांच्या लेखी तो संभाव्य खेळाडू असतो (बास्केटबॉलमध्ये तर सातवीपासूनच). आमच्या विद्यापीठातच ये, असा आग्रह करायचा नाही, जेवण द्यायचं नाही, सामन्याला गाडीतून न्यायचं नाही. आधीपासूनची कौटुंबिक ओळख असेल तर एरवीचं येणंजाणं चालतं, पण त्यात रिक्रूटिंग आणायचं नाही.

चुकून झालंच, तर त्याच दिवशी विद्यापीठाच्या कम्प्लायन्स ऑफिसला (नियमपालन पाहणाऱ्या कार्यालयाला) फोन करा. तारीख, जागा, कोण कोण होतं, किती खर्च झाला, सगळं सांगा. ते तिसऱ्या, म्हणजे किरकोळ उल्लंघनांच्या स्तराची नोंद करून एनसीएएला पाठवतात, आणि मुलाने जेवणाची रक्कम एखाद्या धर्मादाय संस्थेला भरली, की त्याची पात्रता सहसा शाबूत राहते.