आमची वाटचाल: घरापुरत्या कुळथाची

"किती माल देऊ शकाल?" प्रोटीन पावडर बनवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीतून फोन होता.
"यंदा 900 किलो."
"महिन्याला?"
"नाही हो, वर्षाला."
त्यानंतरही तो माणूस चांगलं बोलला, पण फोन तिथेच संपला होता.

दापोली तालुक्यातल्या आमच्या गावात 2018 साली आम्ही दोघा नवराबायकोने कुळीथ-वाल विकण्याचा हा उद्योग काढला. 100 ग्रॅम कुळथात साधारण 22 ग्रॅम प्रथिनं असतात, वाल आणि चवळीही त्याच पंगतीतले. कुळथात कमी पडणारं मेथिओनीन भात देतो आणि भातात कमी असलेलं लायसिन कुळीथ. म्हणजे पिठीभात, कुळथाच्या पिठाचं पिठलं आणि भात, जेवणाऱ्यांना हे न सांगताच साधलं होतं. आम्हाला वाटलं, आता फक्त पाकीट करायचं बाकी आहे!

खरी अडचण शेतात निघाली. इकडे भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ टाकतात. हळवं भात लवकर निघतं, ओल सापडते. गरव्याचं, म्हणजे उशिरा तयार होणाऱ्या भाताचं, शेत मोकळं होईपर्यंत जमीन तडकलेली असते. आम्ही घरोघर सांगत फिरलो, हळवं लावा. पण गरव्याला उतारा जास्त. तांदूळ सोडून कुळथामागे कोण धावेल? त्यात कुळथाला केंद्राचा हमीभावही नाही. 2019 च्या ऑक्टोबरअखेरीस 'क्यार' वादळाच्या पावसात कापलेलं भातच भिजलं, त्या वर्षी कुळथाचा विषयच निघाला नाही.

शिवाय गुरं. भात निघालं की ती मोकळी सोडायची ही जुनी रीत. एका खाचरात कुळीथ आणि भोवतालची दहा ओसाड, मालक मुंबईत, सातबाऱ्यावर चौदा नावं. कुंपण घालायचं कुणी? वानरांची तर गोष्टच वेगळी, ती शेंगा निवडून खातात. शेवटी दोन वाड्यांनी सलग खाचरं ठरवून एकच राखण्या ठेवला. तिसरी वाडी काही बधली नाही. एवढं करून गुंठ्याला पाच किलो आला तर आम्ही देवाला नारळ देतो.

घरी आणला तरी जिवाला घोर असतोच. भुंग्याची अंडी शेतातच शेंगांवर पडतात, पोतं कितीही झटका. पहिल्या वर्षी 200 किलो कुळीथ पोखरून गेला. सासूबाई म्हणाल्या, "राखेत ठेवायचा होतास." राखेतला कुळीथ मुंबईचं गिऱ्हाईक घेईल का? आता कडक ऊन दाखवून हवाबंद पिशव्यांत भरतो. 3 जून 2020 ला 'निसर्ग'ने शेडचे पत्रे नेले, तेव्हा त्याच पिशव्यांनी माल वाचवला.

मधे आम्हालाही पावडरीची हौस आली होती. कडधान्यातलं प्रथिन वेगळं काढायचं तर ते अल्कलीच्या पाण्यात विरघळवून, आम्लाने साकळवून वाळवावं लागतं. ती यंत्रं आमच्या ऐपतीत नव्हती. मग कुळथाचं बारीक पीठ दुधात घालून प्यायचं म्हणून विकलं. दापोलीच्या जिममधला एक मुलगा म्हणाला, "काकू, ह्याला पिठल्याचा वास येतोय." खोटं कसं म्हणणार? पाकिटावर 'पिठी' छापलं आणि तोच माल गणपतीत चाकरमान्यांनी हातोहात नेला.

पिठीतही घट असतेच. भाजून, भरडून, साल पाखडली की दहा किलोचे जेमतेम आठ हाती लागतात. कर्नाटकातला कुळीथ बाजारात स्वस्त मिळतो, आमचा भाव ऐकून दुकानदार हसतात. वालाचं आणखी कठीण. भिजवा, मोड आणा, मग एकेक दाणा सोला. वाडीतल्या सातजणी किलोमागे मजुरी घेऊन सोलतात. सोललेल्या डाळिंब्या फ्रीजरशिवाय दोन दिवस टिकत नाहीत, आणि पावसाळ्यात इथली वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून डाळिंब्या फक्त हिवाळ्यात आणि ऑर्डर आली तरच.

गेल्या आठवड्यात तिसऱ्या वाडीतल्या एक काकी येऊन बसल्या. हळव्याचं बियाणं कुठे मिळेल, विचारत होत्या. मी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं नाव सांगितलं. चहा संपवून उठता उठता म्हणाल्या, "लावते, पण राखण्याचे पैसे तुझे."