तुम्ही विचारलंत म्हणून: मेडिकलातला नफा जातो कुठे?

"दवाखान्याच्या मेडिकलात वीस टक्के सुटतात, गिऱ्हाईक आयतं वरच्या मजल्यावरून खाली येतं, मग तुम्हाला एवढी डोकेफोड कसली?" रुग्णालय-समूहाच्या औषध विभागाचा कारभार बघणाऱ्याला हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत विचारला जातो, एसटी स्टँडवर विचारला जातो आणि विश्वस्तांच्या बैठकीतही. प्रश्न रास्त आहे. वीस टक्के खरेच आहेत. ते कुठे जातात हे सांगायला मात्र एक स्ट्रिप हातात घ्यावी लागेल.

धरा, भावनियंत्रणाबाहेरच्या एका औषधाच्या स्ट्रिपवर १०५ रुपये एमआरपी आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे यात १०० रुपये किंमत आणि ५ रुपये कर. स्टॉकिस्ट (घाऊक विक्रेता) ती ८० अधिक ४ कर अशी ८४ रुपयांना देतो. आता हीच स्ट्रिप तीन दारांनी बाहेर पडते. ओपीडीच्या खिडकीवर विकली तर १०५ आले, ५ सरकारचे, त्यातून खरेदीवर भरलेले ४ वळते झाले, हाती २०. दाखल रुग्णाला दिली तर उपचारसेवाच करमुक्त, त्यामुळे बिलात कर नाही, पण खरेदीवरचे ४ परतही मिळत नाहीत. खर्च ८४, बिल १०५, हाती २१. तिसरं दार महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं. तिथे पॅकेज ठरलेलं, औषधाचं वेगळं बिल नाही, ८४ च्या ८४ पॅकेजातून वजा. माल घेताना कुठली स्ट्रिप कुठल्या दाराने जाणार हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून दर महिन्याला करपात्र आणि करमुक्त उलाढालीच्या प्रमाणात करवजावट उलटवायची आणि वर्षाच्या शेवटी पुन्हा जुळवायची. हे जिथे नीट होत नाही तिथे नफा कागदावर फुगलेला दिसतो आणि मार्चनंतर फुगा बसतो.

राष्ट्रीय आवश्यक औषध यादीतल्या, म्हणजे भावनियंत्रणातल्या मालात वाटा याहून कमी. २०१३च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात कमाल किंमत काढताना विक्रेत्यासाठी १६ टक्केच धरलेत.

आता खरी गोम. दाखल रुग्णाला दिलेली एक स्ट्रिप बिलावर चढलीच नाही तर बुडाले ८४. ते भरून काढायला त्याच औषधाच्या ४ स्ट्रिपा पूर्ण किमतीला विकाव्या लागतात. विसात एक हरवली तर पाचव्या हिश्शाहून जास्त नफा गेला. म्हणून या कामात विक्री वाढवण्यापेक्षा हरवणं थांबवण्याला जास्त किंमत आहे, आणि औषध खिडकीवर क्वचितच हरवतं. ते वॉर्डात हरवतं.

चोरीनेच हरवतं असं समजू नका. चार नंबरच्या खाटेचं सेफ्ट्रायॅक्सोन (अँटिबायोटिक) नऊ नंबरला उसनं दिलं जातं, कारण नऊचं इंडेंट (औषधाची मागणी) अजून वर आलेलं नाही. सिस्टरचा हेतू चांगलाच असतो. रात्री दोन वाजता इमर्जन्सी ट्रॉली उघडते, अ‍ॅड्रेनलिन, हायड्रोकॉर्टिसोन, सलाइन वापरलं जातं, नाव नंतर लिहू म्हणून राहतं. ऑपरेशन थिएटरात भूल देताना प्रोपोफॉलची व्हायल फोडली जाते, एकाच्या नावावर चढते, दुसऱ्याच्या नाही. आणि डिस्चार्जच्या दिवशी उरलेली औषधं एका पिशवीत खाली येतात. त्यातली बॅच दिलेल्या बॅचशी जुळत नाही, मग परताव्याचा आकडा चुकतो, नातेवाईक खिडकीशी ताटकळतात.

यावर उपाय साधे आहेत, फक्त रोजचे आहेत. ट्रॉलीला नंबर असलेलं प्लास्टिकचं सील लावायचं, आत काय किती आहे त्याची यादी बाहेर डकवायची आणि तुटलेल्या सीलचा नंबर व रुग्णाचं नाव मिळाल्याशिवाय नवं सील द्यायचं नाही. थिएटरात प्रत्येक केसला वेगळा ट्रे, जाताना मोजून, येताना मोजून. सेव्होफ्लुरेनसारख्या हुंगवायच्या भुलीच्या औषधाची २५० मिलिची बाटली अनेक रुग्णांत वाटली जाते. तिथे व्हायलचा हिशेब चालत नाही, भुलीच्या तासाचा दर आधी ठरवून घ्यावा लागतो. वॉर्डातला परतावा डिस्चार्जपर्यंत साठू द्यायचा नाही, रोज संध्याकाळी पाचला गोळा करायचा. आणि रोज कुठल्याही पाच रुग्णांचे केसपेपर काढून डॉक्टरांनी लिहिलेलं, सिस्टरने दिलेलं आणि बिलात आलेलं, हे तीन रकाने शेजारी ठेवून बघायचे. फार्मासिस्टचा अर्धा तास जातो. पहिल्या महिन्यात वादावादी होते, होऊ द्यावी.

मोजणीचंही तसंच. वर्षाला एकदा ३१ मार्चला दार बंद करून स्टॉक मोजणं म्हणजे वर्षभराचा खड्डा एका रात्रीत बघणं. १,४०० नग असतील तर रोज २० मोजले की ७० दिवसांत फेरी पुरी होते. महागडे नग आठवड्याला, मॉर्फिन-फेंटानिल प्रत्येक पाळीला, दोघांच्या सहीने.

एवढं कुठल्याही रुग्णालयात लागू आहे. कोकणात त्यावर पाऊस पडतो.

रत्नागिरीत दीडशे खाटांचं मुख्य रुग्णालय आणि चिपळूण, राजापूर, कणकवलीत तीस-तीस खाटांच्या शाखा, असा समूह डोळ्यांसमोर आणा. माल मुंबईहून महामार्गाने येतो किंवा कोल्हापूरहून आंबा घाट, फोंडा घाटाने उतरतो. उन्हाळ्यात ऑर्डर दिल्यापासून तीन दिवसांत टेम्पो दारात. जुलैत दरड आली की वळसा, वळशात आणखी एक दरड. सेफ्ट्रायॅक्सोन १ ग्रॅमच्या रोज ४० व्हायल लागत असतील तर एप्रिलमध्ये ३ दिवसांची वाट अधिक २ दिवसांची राखीव, म्हणजे साठा २०० वर आला की ऑर्डर टाकायची. जून ते सप्टेंबर ७ दिवसांची वाट अधिक ४ राखीव धरा: ४४०. सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा एकदाच भरून ठेवलेला असतो, तोही बहुधा फेब्रुवारीत शांतपणे बसून. वर्षाला दोन आकडे लागतात आणि ते १५ मे व १ ऑक्टोबरला बदलायचे, हे भिंतीवर लिहून ठेवावं.

आपल्याकडे घरोघरी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची, बेगमी होते: तांदूळ, सुकी मासळी, मसाला, लाकडं. औषधांची आगोटही तशीच, फक्त सगळंच भरायचं नाही. सगळ्याचा साठा दुप्पट केला तर पैसा अडकतो आणि ऑक्टोबरात एक्सपायरीचे खोके उरतात. काय भरायचं हे ठरवायला दोन चाळण्या. एक खर्चाची: वर्षाच्या खरेदीत कुठले नग सर्वांत जास्त पैसा खातात, ते 'ए'; मधले 'बी'; किरकोळ 'सी'. दुसरी जिवाची: ज्याच्याविना रुग्ण दगावेल ते 'व्ही', ज्याच्याविना उपचार अडेल ते 'ई', बाकी 'डी'. खरेदी खात्याचं लक्ष साहजिकच 'ए'वर असतं. जीव मात्र 'सी' आणि 'व्ही'च्या कोपऱ्यात अडकतो: दिसायला स्वस्त, संपलं तर घात.

प्राझोसिनची गोळी घ्या. लाल विंचवाच्या दंशावर ती वापरायची हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं. किंमत नगण्य, म्हणून तिच्या ऑर्डरकडे कुणी बघत नाही. अ‍ॅट्रोपिनचं तेच. आंब्याच्या फवारणीच्या दिवसांत कीटकनाशकाच्या विषबाधेचा एक गंभीर रुग्ण ०.६ मिलिग्रॅमच्या अँप्युल शेकड्यांनी संपवू शकतो. रोजच्या सरासरीवर चालणारं सॉफ्टवेअर मात्र "रोज २, म्हणून साठा २०" असं सांगतं. अशा औषधांचा साठा सरासरीवरून काढायचाच नाही, रुग्णावरून काढायचा: एका रुग्णाला जास्तीत जास्त किती, आणि एकाच वेळी किती रुग्ण. सर्पदंशाची लस, म्हणजे खरं तर प्रतिविष, हीही अशीच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणाऱ्या लशीच्या पहिल्या डोसालाच साधारण १० व्हायल जातात, पुन्हा १० लागू शकतात. दोन रुग्णांची तयारी म्हणजे ४०. त्या चारही ठिकाणी ठेवायच्या की मुख्य रुग्णालयात, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. फुरसं चावलेला माणूस राजापूरला आला आणि व्हायल रत्नागिरीत असल्या तर उपयोग शून्य. शाखेत किमान २०, आणि मुदत संपायच्या सहा महिने आधी त्या मुख्य रुग्णालयात आणून तिथे नव्या भरायच्या. भाताच्या लावणीबरोबर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) येतो, म्हणून डॉक्सीसायक्लिन आणि पेनिसिलिन जूनच्या आतच शाखांत पोचलेलं असावं.

सलाइनची गंमत वेगळी. स्वस्त, पण जड. अर्ध्या लिटरच्या हजार बाटल्या म्हणजे अर्धा टन पाणीच. कुणालाच ती वरच्या मजल्यावर चढवायची नसतात, म्हणून तळमजल्यावर रचली जातात. जुलै २०२१मध्ये वाशिष्ठीने चिपळूणच्या बाजारपेठेत किती पाणी आणलं हे बघितलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. खाली आठवड्याचा माल, बाकी पहिल्या मजल्यावर, आणि स्लॅबवर वजन एका कोपऱ्यात न टाकता भिंतीकडेने पसरून.

पाणी आत शिरलं नाही तरी दमटपणा शिरतोच. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे, खोकी लाकडी फळ्यांवर, खोलीत डीह्युमिडिफायर आणि त्याची बादली रिकामी करायची जबाबदारी नाव घालून. जिलेटिनच्या कॅप्सूल मऊ पडतात, फसफसणाऱ्या गोळ्या पाकिटातच फुगतात, ओआरएसचे गठ्ठे होतात. ज्या औषधाचं अ‍ॅल्यु-अ‍ॅल्यु पॅकिंग (दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियमचं) मिळतं ते पावसाळ्यात थोडं महाग पडलं तरी घ्यावं. स्ट्रिप कापताना बॅच आणि एक्सपायरी छापलेली बाजू आपल्याकडे ठेवायची; ती बाजू आधी दिली की उरलेल्या चार गोळ्या अनाथ होतात, त्या टाकूनच द्याव्या लागतात.

फ्रिजच्या बाबतीत सगळ्यांना विजेची भीती असते, आणि ती खोटी नाही. जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि दापोली-मंडणगडकडची कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती. २ ते ८ अंश टिकवायला घरगुती फ्रिज पुरत नाही. लशींसाठी वापरतात तो बर्फाच्या अस्तराचा फ्रिज वीज गेल्यावरही बराच वेळ थंडी धरून ठेवतो. पण इन्सुलिन उष्णतेइतकंच गोठण्यानेही खराब होतं, आणि गोठून पुन्हा वितळलेली व्हायल दिसायला ठीकठाक असू शकते. कूलिंग कॉइलला टेकवून खोकं ठेवलं की काम झालं. म्हणून डेटा लॉगर (तापमान सतत नोंदवणारं यंत्र) हवा, आणि त्याचा आलेख रोज कुणीतरी उघडून बघायला हवा. जनरेटर आहे, हे उत्तर नाही. जनरेटरवर औषधाच्या फ्रिजचं सॉकेट जोडलेलं आहे का, हे मेमध्ये मेन स्विच पाडून तपासायचं.

या सगळ्या बेगमीला पैसा लागतो, आणि तो नेमका नसतो. महिन्याला ४० लाखांचा माल खपत असेल आणि साठा ४५ दिवसांचा असेल, विमा कंपनीकडून पैसे यायला ६० दिवस लागत असतील, स्टॉकिस्टला मात्र ३० व्या दिवशी चेक द्यायचा, तर ४५ अधिक ६० वजा ३० म्हणजे ७५ दिवसांचा पैसा अडकला: एक कोटी. ओपीडीचा रोकडा यातून थोडा सोडवतो. म्हणून जूनचा वाढीव माल एप्रिलमध्येच स्टॉकिस्टशी बोलून ४५ किंवा ६० दिवसांच्या उधारीवर ठरवावा. 'दहावर एक' स्कीमपेक्षा ही मुदत जास्त मोलाची असते, कारण स्कीमचा अकरावा नग बहुतेक वेळा अशा औषधाचा असतो ज्याचे दहाही खपत नाहीत. ठरवताना एक्सपायरीची अट बिलावर लिहून घ्यायची: आलेल्या मालाची किती महिने मुदत शिल्लक हवी, आणि मुदतीआधी किती महिन्यांपर्यंत परत घेणार. तोंडी शब्द एम.आर. (औषध कंपनीचा प्रतिनिधी) बदलला की संपतो.

शाखांत माल हलवायचा तर कागद सांभाळावे लागतात. परवाना जागेला असतो, समूहाला नाही. प्रत्येक शाखेचा किरकोळ विक्रीचा फॉर्म २० आणि २१ वेगळा, आणि मध्यवर्ती कोठारातून माल पाठवायचा तर तिथे घाऊकचा २०बी, २१बी. एकाच जीएसटी नोंदणीखाली चलनावर माल जातो, एक लाखाच्या वर गेला की ई-वे बिल. शेड्यूल एच-१ची, म्हणजे जास्त नियंत्रणातल्या औषधांची, वेगळी वही तीन वर्षं जपायची, केटामाइनसारख्या त्याहून कडक शेड्यूल एक्सच्या चिठ्ठीची प्रत दोन वर्षं. सर्दीचं औषध रखडलं तर बोलणी बसतात, या वह्या रखडल्या तर परवाना जातो.

राहता राहिली माणसं. चोवीस तास खिडकी उघडी म्हणजे आठवड्याला १६८ तास. एका माणसाचे ४८ धरले तर साडेतीन, रजा धरून किमान चार नोंदणीकृत फार्मासिस्ट, एका खिडकीला. गणपतीत त्या चौघांनाही घरी जायचं असतं, आणि त्याच आठवड्यात चाकरमानी येतात, बीपीच्या गोळ्या बोरिवलीला टेबलावर विसरून. त्यांच्या चिठ्ठीवर मुंबईच्या डॉक्टरांचे ब्रँड असतात, जे आपल्या यादीत नसतात. त्यांच्यासाठी बीपी, शुगर, थायरॉइडच्या तीस-चाळीस ब्रँडचा एक छोटा कप्पा श्रावणात भरायचा, प्रत्येकी पाच-दहा स्ट्रिपांचा, परतीच्या अटीवर. आणि पाळ्यांचा तक्ता नारळी पौर्णिमेच्या आत लावून मोकळं व्हायचं: दीड दिवसाचा गणपती असलेल्यांना पुढचे दिवस, गौरी-विसर्जनवाल्यांना आधीचे, आणि ज्याच्या घरी गणपतीच नाही त्याला आधी विचारायचं.